शिलाकुक्कुट : खडकाला बांधलेला पक्षी

लायडन येथील निसर्गेतिहास संग्रहालयाचे संचालक टेमिंक यांनी १८२५ साली पश्चिम आफ्रिकेच्या किनारी प्रदेशातील एका पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. टेमिंक यांनी तो पक्षी त्याच्या रानात पाहिलेला नव्हता. त्या काळी युरोपातील पक्षिशास्त्रज्ञांपुढे दूरदेशचे पक्षी येत ते वाळवून पेंढा भरलेल्या कातड्यांच्या रूपाने. पक्षी सुमारे ४० सेंटिमीटर लांबीचा, म्हणजे शेपटीसह आपल्या कावळ्याएवढा. चोच काळी आणि दणकट. पाठ करडी-काळी, मान व पोट पांढरे. आणि डोक्यावर एकही पीस नाही. डोक्याची उघडी कातडी पिवळीधमक असून डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक मोठी, काळी, वाटोळी चकती होती. एवढ्या पुराव्यावरून टेमिंक यांनी त्याला कावळ्यांच्या प्रजातीत घातले आणि त्याचे नाव ठेवले कॉर्व्हस जिम्नोसेफॅलस, म्हणजे 'उघड्या डोक्याचा कावळा'.

तीनच वर्षांनी, १८२८ मध्ये, लेसाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने तो कावळा नव्हे असे ठरवून त्याच्यासाठी पिकाथार्टेस ही नवी प्रजाती निर्माण केली. हे नाव दोन शब्दांचा जोड आहे. 'पिका' हा आपल्याकडील टकाचोराच्या नात्यातला, लांब शेपटीचा युरोपीय पक्षी. 'काथार्टेस' हे अमेरिकेतील बोडक्या डोक्याच्या गिधाडांचे नाव. शेपूट एकासारखी आणि डोके दुसऱ्यासारखे, म्हणून हे जोडनाव. अशा रीतीने एकाच पक्ष्याला कावळा, टकाचोर आणि गिधाड ही तीन नावे चिकटली, आणि तिन्ही चुकली. पुढील दीडशे वर्षांत त्याला कोणी साळुंक्यांच्या कुलात बसविले, तर कोणी सातभाईंच्या. संग्रहालयांतील खणांची नावे बदलत गेली; खणातला पक्षी तोच राहिला.

मराठीत या पक्ष्याला रूढ नाव असण्याचे कारण नाही, कारण तो भारतात आढळत नाही. इंग्रजीतील 'रॉकफाउल' या नावावरून येथे त्याला शिलाकुक्कुट म्हटले आहे. कोंबड्याशीही त्याचे काही नाते नाही, हे मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. या नावातला खरा अंश 'शिला' एवढाच होय.

दोन जाती आणि मधली खिंड

शिलाकुक्कुटाच्या जाती दोन आहेत. टेमिंक यांनी वर्णिलेली ती पांढऱ्या मानेची जात. ती गिनी, सिएरा लिओन, लायबेरिया, कोत दिव्हार आणि घाना या देशांतील वर्षावनांत आढळते. दुसरी करड्या मानेची जात रायशेनो या जर्मन पक्षिशास्त्रज्ञाने १८९९ साली कॅमेरूनमधून प्रकाशात आणली. ती आकाराने किंचित लहान असून तिच्याही डोक्यावर पिसे नसतात; परंतु पिवळ्या रंगाऐवजी कपाळाकडची कातडी निळी, मागची तांबडी आणि बाजूंची काळी असते. कॅमेरूनखेरीज नैर्ऋत्य आफ्रिकेकडे उतरणाऱ्या किनाऱ्यालगतच्या गॅबनमध्ये, विषुववृत्तीय गिनीत व त्याच देशाच्या बिओको बेटावर, तसेच नायजेरियाच्या आग्नेय कोपऱ्यात ती राहते.

या दोन जातींच्या प्रदेशांमध्ये कित्येक शेकडो किलोमीटरांचे अंतर आहे. आफ्रिकेचा नकाशा पाहिला तर गिनीच्या आखातालगत वर्षावनाचा हिरवा पट्टा अखंड असावा असे वाटते. पण टोगो आणि बेनिन या देशांत तो तुटतो. तेथे उत्तरेकडील कोरडा गवताळ प्रदेश थेट समुद्राला येऊन भिडतो. भूगोलज्ञ यास दाहोमीची खिंड म्हणतात. ही खिंड डोंगरातली नसून जंगलातली आहे. गेल्या लक्षावधी वर्षांत हवामान कोरडे झाले की आफ्रिकेची वने आक्रसत आणि ओल वाढली की पुन्हा पसरत. अशा आक्रसण्याच्या एखाद्या काळात मूळ एका जातीचे दोन तुकडे झाले आणि ते पुढे वेगवेगळ्या वाटांनी गेले, असे मानण्यास जागा आहे. भारतीय वाचकास याचा पडताळा सह्याद्रीत मिळतो. पालघाटच्या खिंडीच्या उत्तरेस निलगिरीत आणि दक्षिणेस पळणीच्या डोंगरांत शोला वनांत राहणारे हसरे सातभाई एकमेकांचे जवळचे आप्त असूनही भिन्न जातींचे आहेत. जमिनीलगत राहणाऱ्या आणि लांब न उडणाऱ्या वनपक्ष्याला साठसत्तर मैलांची उघडी जमीन ही समुद्राइतकीच अलंघ्य ठरते.

रानाची जमीन

वर्षावन म्हटले की उंच वृक्ष, वेली आणि फुले डोळ्यांपुढे येतात. शिलाकुक्कुटाचा संसार मात्र याच्या तळघरात चालतो. माथ्यावरच्या पानांच्या छतातून गळत गळत सूर्यप्रकाशाचा अगदी थोडा अंश, शंभरात एक-दोन भाग, जमिनीपर्यंत पोहोचतो. वारा नाही, हवा दमट, पायाखाली कुजणाऱ्या पानांचा थर. गवत जवळजवळ नाहीच, कारण गवताला ऊन लागते. जे काही खाद्य आहे ते या पानांच्या थरात आणि त्याखाली आहे.

या जागेला शिलाकुक्कुटाचे शरीर साजेसे आहे. पाय लांब व बळकट, पंख आखूड व गोलसर, शेपूट लांब. तो चालत नाही. रबरी चेंडूप्रमाणे उसळ्या घेत जातो. आडव्या पडलेल्या खोडावरून खडकावर, खडकावरून वेलीच्या वेटोळ्यावर, तेथून पुन्हा जमिनीवर, अशा त्याच्या टप्प्याटप्प्याच्या उड्या असतात. पंखांचा उपयोग तो थोड्या अंतरापुरता करतो. वजन दोनशे ते अडीचशे ग्रॅम असूनही त्याच्या हालचालीचा आवाज होत नाही. यामुळेच ज्या रानात तो राहतो तेथे वर्षानुवर्षे वावरणाऱ्या माणसालाही तो क्वचितच दिसतो.

त्याचा आहार मिश्र आहे. भुंगेरे, झुरळे, वाळवी, कोळी, गोमी, गांडुळे, गोगलगायी ही नित्याची शिधासामग्री. ओढ्याकाठी लहान खेकडे, बेडूक आणि प्रसंगी एखादी पालही तो टिपतो. पिलांना भरवताना असे मोठे भक्ष्य विशेष उपयोगी पडते. चोचीने तो वाळलेली पाने उचलून बाजूस फेकतो व खाली डोकावतो. आपल्या अंगणातले सातभाई जे करतात तेच हे. मात्र सातभाईंचा कलकलाट येथे नाही.

कधी कधी मात्र त्याला पाने उलटण्याचे श्रमही पडत नाहीत. आफ्रिकेच्या वनांत डोरायलस प्रजातीच्या मुंग्या आहेत. या मुंग्यांचे कामकरी आंधळे असतात, आणि त्यांच्या वसाहतीत लक्षावधी मुंग्या असतात. त्या कायमचे वारूळ न करता ठिकाण बदलत राहतात आणि शिकारीला निघाल्या म्हणजे रुंद पात्यासारख्या पसरून जमीन अक्षरशः विंचरत पुढे सरकतात. त्यांच्या वाटेत जे सापडेल त्याचे तुकडे होतात. म्हणून त्यांची चाहूल लागताच पानांखालचे झुरळ, भुंगेरे, कोळी, सगळे प्राण घेऊन उघड्यावर पळत सुटतात. शिलाकुक्कुट व इतर काही पक्षी नेमके तेथे हजर असतात. शेतात नांगर चालू लागला की मातीतून वर येणाऱ्या किड्यांसाठी बगळे आणि साळुंक्या मागे लागतात, हे खेड्यातील प्रत्येक मुलाने पाहिलेले आहे. येथे नांगर मुंग्यांचा आहे, एवढाच फरक. पक्ष्याचे लक्ष मुंग्यांपेक्षा त्यांच्यापुढून पळणाऱ्या भक्ष्यावरच असते.

बोडक्या डोक्याविषयी येथे एक खुलासा आवश्यक आहे. गिधाडाचे डोके व मान उघडी असण्याचा संबंध बहुधा त्याच्या आहाराशी जोडला जातो; मृत प्राण्याच्या शरीरात डोके खुपसणाऱ्याला पिसे अडचणीचीच. शिलाकुक्कुट मेलेले मांस खात नाही. यास्तव गिधाडाचे स्पष्टीकरण त्याला लावणे म्हणजे लेसाँ यांची चूक पुन्हा करणे होय. अंधाऱ्या रानात पिवळी किंवा निळी-तांबडी कातडी ठळक उठून दिसते आणि आपल्या जातीचा पक्षी ओळखण्यास तिचा उपयोग होत असावा, असा तर्क अधिक सयुक्तिक वाटतो.

न गाणारा गायक

शास्त्रज्ञ ज्यांना 'गायक पक्षी' म्हणतात त्यांत शिलाकुक्कुटाची गणना होते. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळ गप्प असतो, आणि बोललाच तर घोगऱ्या, खरखरीत स्वरात. हा विरोधाभास केवळ शब्दाचा आहे. पक्ष्याचा आवाज आपल्याप्रमाणे कंठाच्या वरच्या भागात उत्पन्न होत नाही. श्वासनलिका जेथे दोन फुप्फुसांसाठी दुभंगते तेथे शब्दिनी नावाचे इंद्रिय असते, त्यात तो उत्पन्न होतो. ज्या पक्ष्यांच्या शब्दिनीला चालवणारे स्नायू विशेष गुंतागुंतीचे असतात ते गायक पक्षी. जगातील सुमारे ११,००० पक्षिजातींपैकी जवळजवळ निम्म्या जाती या एका गटात मोडतात. बुलबुल, चिमणी, दयाळ त्यात आहेत, तसाच कावळाही आहे. उलटपक्षी, पावसाळ्याच्या तोंडावर महाराष्ट्रातील रानांत गोड दुहेरी शीळ घालणारा नवरंग हा जमिनीवर पाने उलटणारा सुंदर पक्षी शब्दिनीच्या रचनेनुसार या गटाबाहेर राहतो. वर्गीकरण गळ्याच्या गोडीवर नव्हे, गळ्याच्या घडणीवर होते.

मातीचे वाडगे

शिलाकुक्कुटाच्या जीवनातील सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे त्याचे घरटे. ते झाडावरही नसते आणि जमिनीवरही नसते. रानात मध्येच उभे असलेले प्रचंड धोंडे, कड्यांच्या कपारी आणि गुहांची तोंडे अशा ठिकाणी, जेथे खडकाची भिंत पुढे झुकलेली असते तेथे, जमिनीपासून दोन-तीन मीटर किंवा त्याहून अधिक उंचीवर, हा पक्षी चिखलाचे खोल वाडगे भिंतीला चिकटवतो. चिखलात पानांचे व मुळांचे तंतू मिसळलेले असतात. आपल्याकडे मातीच्या भिंतीसाठी चिखलात भुस्सा मळतात त्याचेच हे रूप. आतून मऊ तंतूंचे अस्तर असते. पुलाखाली भिंगऱ्यांची चिखलाची घरटी ज्यांनी पाहिली असतील त्यांना रचनेची कल्पना येईल. पण भिंगरीचे वजन वीस ग्रॅमही नसते आणि येथे पाव किलोचा पक्षी, त्याची अंडी व वाढती पिले हे सारे ओझे उभ्या दगडाला लावलेल्या मातीने पेलायचे असते. काही घरट्यांचा पाया कुंभारीण माशीने पूर्वी बांधलेल्या मातीच्या घरावर घातलेला आढळतो. गुळगुळीत खडकावर माती धरत नाही. माशीने आधी केलेल्या खडबडीत गोळ्याचा आधार मिळाला की पहिला थर टिकतो.

भिंत पुढे झुकलेलीच का हवी, याचा थोडा विचार केल्यास उत्तर सापडते. वर्षावनात पाऊस धो धो पडतो आणि माती पावसात विरघळते. उभ्या किंवा मागे कललेल्या खडकावरून पाणी ओघळते. पुढे झुकलेल्या खडकाखाली जमीन कोरडी राहते. शिवाय साप, घोरपडी आणि झाडावर चढणारे इतर शत्रू यांना अशा उलट्या उतारावर पाय ठेवणे कठीण जाते. म्हणजे एकाच आडोशाने छप्पर आणि कुंपण ही दोन्ही कामे होतात. पण असा खडक मिळाला म्हणजे भागले असे नाही. जवळ ओढा किंवा पाणथळ हवी, कारण चिखल तेथून आणावयाचा असतो. भोवती सावलीचे रान हवे, कारण खाद्य तेथेच आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र येतात अशा जागा मोठ्या वनातही मोजक्याच असतात.

म्हणून हा पक्षी वसाहत करून राहतो. एका खडकाला बहुधा दोन ते पाच घरटी असतात, क्वचित पुष्कळ अधिक. एकदा बांधलेले घरटे डागडुजी करून वर्षानुवर्षे वापरले जाते. विणीचा हंगाम नसतानाही पक्षी रात्रीच्या मुक्कामाला आपल्या खडकाकडे येतात. सूर्यास्तापूर्वी ते एक एक करून रानातून उसळत येतात, खडकाजवळच्या खोडांवर व वेलींवर बसून पिसे साफ करतात, आणि अंधार पडू लागताच उडी घेऊन घरट्याच्या काठावर जातात.

मादी बहुधा दोन अंडी घालते. अंडी सुमारे साडेतीन आठवड्यांत उबतात. पिले उघडीनागडी निघतात आणि त्यांना पंख फुटून घरटे सोडण्यास आणखी तेवढाच काळ लागतो. नर व मादी दोघेही अंडी उबवतात आणि पिलांना भरवतात. सिएरा लिओनमध्ये विणीचा काळ अतिवृष्टीच्या मागेपुढे येतो, आणि काही जोड्या वर्षातून दोनदा पिले वाढवतात. मातीकामाला ओल पाहिजे, पण पूर पाहिजे असे नाही. कोकणातल्या कोणाही कुंभाराला हे हंगामाचे गणित कळेल.

या वसाहतींचे बारकाईने निरीक्षण करणाऱ्यांना एक कठोर गोष्टही आढळली आहे. कित्येकदा एखाद्या घरट्यातील अंडी किंवा लहान पिले शेजारच्याच, आपल्याच जातीच्या पक्ष्याकडून फेकली किंवा मारली जातात. माणसाच्या नीतीने याचा न्याय करणे व्यर्थ आहे. जागा थोड्या आणि मागणारे अनेक, अशा परिस्थितीचा या वर्तनाशी संबंध असावा. जो खडक पक्ष्याला छप्पर व कुंपण देतो, तोच त्याला शेजाऱ्यापासून दूर जाऊ देत नाही.

दूरदर्शनच्या पडद्यावर

पांढऱ्या मानेच्या शिलाकुक्कुटाचे नाव युरोपातील सामान्य माणसापर्यंत पोहोचले ते १९५४ साली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील अधिकारी जॅक लेस्टर आणि बीबीसीचे तेव्हा अवघे अठ्ठावीस वर्षांचे निर्माते डेव्हिड ॲटनबरो हे छायाचित्रक चार्ल्स लागुस यांना घेऊन सिएरा लिओनला गेले. त्यांच्या मोहिमेचे मुख्य लक्ष्य हा पक्षी शोधून त्याचे जिवंत चित्रण करणे हे होते. 'झू क्वेस्ट' या नावाने ही मालिका त्याच वर्षी डिसेंबरात दाखविण्यास आरंभ झाला. प्रथम लेस्टर स्वतः निवेदन करीत. परंतु पहिल्या भागानंतर ते आजारी पडले आणि ती जबाबदारी ॲटनबरो यांच्यावर आली. पुढे सत्तर वर्षे निसर्गाविषयी बोलत राहिलेल्या या आवाजाची सुरुवात अशी एका अबोल पक्ष्यामुळे झाली. त्या काळच्या रीतीप्रमाणे मोहिमेचा एक हेतू प्राणी पकडून लंडनला नेणे हाही होता. आज अशा दुर्मिळ पक्ष्याला पकडण्यासाठी कोणी जाहीरपणे निघणार नाही.

दूरचे सोयरे

मग शिलाकुक्कुट आहे तरी कोणाचा? या प्रश्नाचे उत्तर पिसांनी दिले नाही, हाडांनीही स्पष्ट दिले नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आणि एकविसाव्याच्या आरंभी पेशींतील डीएनएची तुलना होऊ लागली, तेव्हा दोन अनपेक्षित नातेवाईक पुढे आले.

पहिले दक्षिण आफ्रिकेतील शिलाप्लव. यांच्याही दोन जाती आहेत. ते उघड्या, खडकाळ, झुडपी डोंगरउतारांवर धोंड्याधोंड्यांवरून उड्या मारीत फिरतात. वर्षावनाशी त्यांचा संबंध नाही, डोके पिसांनी झाकलेले, आकार लहान, आणि घरटे जमिनीवर धोंड्याच्या आडोशाला. खडकाची ओढ तेवढी दोघांत समान.

दुसरा नातेवाईक मात्र सुमारे १०,००० किलोमीटर दूर निघाला. मलाया द्वीपकल्प, सुमात्रा आणि बोर्निओ येथील सखल वर्षावनांच्या जमिनीवर युपेटेस मॅक्रोसेरस नावाचा एक सडपातळ, तांबूस-तपकिरी पक्षी राहतो. मान लांब, डोके लहान, डोळ्यातून काळी पट्टी आणि तिच्यावर भुवईपासून मानेपर्यंत पांढरी पट्टी. तो उड्या न मारता पाणकोंबडीप्रमाणे मान पुढेमागे हलवीत चालतो; म्हणून इंग्रजीत त्याला पाणकोंबडी आणि सातभाई यांच्या नावांचा जोड लावलेला आहे. त्याची शीळ एकसुरी, बारीक आणि लांबलचक असते, आणि ती घालताना मानेच्या बाजूची निळी, उघडी कातडी फुगून येते. त्याचे वजन शिलाकुक्कुटाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. घरटे खडकावर नव्हे. जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर, पाचोळ्याच्या ढिगात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा पक्षी शिलाकुक्कुट व शिलाप्लव यांचाच सोयरा असल्याचे दिसून आले.

येथे इतिहासाचा एक चमत्कारिक योग ध्यानात घेण्याजोगा आहे. युपेटेसचे पहिले वर्णनही टेमिंक यांचेच, १८३१ सालचे. शिलाकुक्कुटानंतर अवघ्या सहा वर्षांनी, त्याच माणसाच्या लेखणीतून, दुसऱ्या खंडातील हा पक्षी शास्त्रात आला. दोघांची कातडी त्यांच्या नजरेखालून गेली आणि दोन वेगळ्या खणांत ठेवली गेली. त्यांना एकत्र आणण्यास पावणेदोनशे वर्षे लागली. यात टेमिंक यांचा दोष म्हणता येणार नाही. बाह्य रूपात त्यांना जोडणारे काहीच नव्हते.

गायक पक्ष्यांचा उगम ऑस्ट्रेलियाच्या भूभागात झाला आणि तेथून ते जगभर पसरले, असे आज सामान्यतः मानले जाते. शिलाकुक्कुट, शिलाप्लव व युपेटेस ही त्या प्रसाराच्या प्राचीन लाटेची शिल्लक आहे. त्यांची शाखा इतर गायक पक्ष्यांपासून कित्येक कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली, आणि आज तिच्या टोकाला या थोड्या जाती तेवढ्या उरल्या आहेत. चिमणीच्या कुलातील एखादी जात नाहीशी झाली तर तिच्या जवळच्या बहिणी मागे राहतात. शिलाकुक्कुटाच्या पाठीमागे असे कोणी नाही.

खडक आणि रान

घर बांधण्यासाठी जो पक्षी झाड शोधतो त्याला एक झाड पडल्यास दुसरे मिळते. शिलाकुक्कुटाला ही सोय नाही. खडक जागचा हलत नाही, आणि पक्षी खडकाला सोडत नाही. भोवतालचे रान गेले की तो रिकाम्या मैदानात उभ्या असलेल्या घरासारखा अडकून पडतो. विरळ किंवा पुन्हा वाढलेल्या रानात काही वसाहती तग धरून असल्याचे आढळले आहे. परंतु किती रान उरले म्हणजे पुरे, याला मर्यादा आहे.

पश्चिम आफ्रिकेतील रान अनेक कारणांनी घटले. डोंगरउतारावर झाडे तोडून, जाळून, दोन-तीन हंगाम भात पिकवायचे व पुढे सरकायचे, ही शेती आपल्या कुमरीसारखीच आहे. लोकसंख्या थोडी होती तोवर रानाला पुन्हा वाढण्यास अवधी मिळे. त्यात कोको व कॉफीचे मळे आणि इमारती लाकडाची तोड यांची भर पडली. फासे लावून केलेल्या शिकारीत हे जमिनीवरचे पक्षीही सापडतात. गिनी, लायबेरिया आणि कोत दिव्हार यांच्या सीमेवरील निंबा पर्वतात तर प्रश्न आणखी वेगळा आहे. तेथील खडक उत्तम लोहखनिजाचा आहे. म्हणजे तेथे रानाबरोबर खडकालाही गिऱ्हाईक आहे. निंबाचे संरक्षित क्षेत्र जागतिक वारशात समाविष्ट असूनही १९९२ साली त्याला धोक्यातील वारशांच्या यादीत घालावे लागले.

पांढऱ्या मानेच्या शिलाकुक्कुटाची एकूण संख्या काही हजारांच्या घरात मानली जाते, आणि निसर्ग-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघाने त्याला संकटप्रवण ठरविले आहे. करड्या मानेच्या जातीची वने त्यामानाने विस्तीर्ण आहेत.

सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउन ही एका डोंगराळ द्वीपकल्पाच्या टोकाला वसलेली आहे. शहराच्या पाठीवरील या डोंगरांत वर्षावन आहे, रानात ओढे व धोंडे आहेत, आणि धोंड्यांवर शिलाकुक्कुटाच्या वसाहती नोंदल्या गेल्या आहेत. शहराला पिण्याचे पाणी पुरवणारे गुमा धरणही याच रानात आहे. शहर वाढत गेले तसे उतार तोडले गेले व त्यांवर घरे चढली. १४ ऑगस्ट २०१७ रोजी तीन दिवसांच्या मुसळधार पावसानंतर पहाटे शुगर लोफ डोंगराची एक बाजू रीजंट वस्तीवर कोसळली. हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली किंवा बेपत्ता झाली. अतिवृष्टी आणि उताराची तीव्रता यांच्या जोडीस वृक्षतोड व बेसुमार बांधकाम हेही कारण मानले गेले. माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी ओढवलेला प्रसंग महाराष्ट्रातील वाचकांच्या स्मरणात असेल. ज्या मुळांनी पक्ष्याच्या खडकाभोवतीची माती धरून ठेवली होती, त्याच मुळांवर खालच्या वस्तीचाही भार होता.

संरक्षणाचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. लायबेरियाच्या सीमेलगतचे गोला वर्षावन सिएरा लिओनने २०१० साली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केले, आणि २०२५ साली गोला व जवळील टिवाई बेट यांना मिळून जागतिक वारशात स्थान मिळाले. हा त्या देशाचा पहिलाच जागतिक वारसा होय. कॅमेरूनचे कोरुप राष्ट्रीय उद्यान १९८६ पासून करड्या मानेच्या जातीला आसरा देत आले आहे. कायद्याच्या आधीही काही ठिकाणी संरक्षण होते, ते वेगळ्या स्वरूपाचे. सिएरा लिओनमधील काही समाजांत असे मोठे धोंडे पूर्वजांच्या आत्म्यांचे निवासस्थान मानले जात आणि हा पक्षी त्यांचा राखणदार समजला जाई. आपल्याकडील देवरायांप्रमाणे अशा जागी कुऱ्हाड लावताना हात कचरत असे.

घानामध्ये १९६० च्या दशकानंतर हा पक्षी कोणाला खात्रीने दिसला नव्हता, आणि त्या देशातून तो नाहीसा झाला असावा असे समजले जात होते. २००३ साली तेथील वनात घरट्यांसह त्याचा पुन्हा शोध लागला. आज मध्य घानातील बोंक्रो या खेड्याचे लोक आपल्या रानातील एका वसाहतीची राखण करतात. पाहुण्यांना दुपार कलताना वाटाड्यांबरोबर टेकडी चढून त्या खडकासमोर नेले जाते. तेथे बसल्यावर बोलायचे नसते आणि हालचालही करायची नसते. संधिप्रकाश पसरू लागला की झाडीतून एक पिवळे डोके वर येते, खोडावर थांबते, मान कलती करून समोर बसलेल्या माणसांकडे पाहते, आणि मग दोन उड्यांत खडकावर चढून मातीच्या वाडग्याच्या काठाशी जाऊन बसते.